पाच दिवसांची गावपळण

"मास्तरांनू, तेका सांगा, खुंटो वाकडो मारल्यान."

तातू कांबळी माझ्याकडे बघून बोलले. ज्याला सांगायचं होतं तो त्यांचा सख्खा धाकटा भाऊ भिकू माझ्या पलीकडे, हातभर अंतरावर, गुडघे टेकून बांबू ठोकत बसला होता. दोघांच्या मध्ये नारळाच्या झापांचा भारा सावरत मी उभा होतो. पुण्याहून शब्दकोशाच्या कामासाठी आलेला सव्वीस वर्षांचा माणूस. खुंटा सरळ की वाकडा, ते मला कळत नव्हतं. आणि कोणाला काही सांगायची वेळ आली की मी लहानपणापासून मागे सरकायचो.

"ते म्हणतात, खुंटा वाकडा आहे," मी म्हणालो.

"ऐकलंय. माझे कान काय घरात रवले नाय." भिकूने मान वर न करता आणखी एक घाव घातला. "तेंका सांगा, जमीनच वाकडी आसा. आमच्या वाडवडलांनी निवडल्यानी. तेंका जावन इचारा."

"तेका सांगा—"

"पुरे आता!" चुलीसाठी तीन दगड मांडणाऱ्या सुभद्रावहिनी ओरडल्या. त्या तातूंची बायको. "त्या परक्या माणसाची जीभ दमात. शालन, मास्तरांका पाणी दी गो आधी."

भिकूची बायको शालन तांब्या घेऊन आली. ओठ दाबून हसत होती. दोन्ही जावांचं छान जमत होतं. न सांगता एकीचं काम दुसरी पुढे नेत होती. फक्त नवरे सात वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. आणि पुढचे तीन दिवस, तीन रात्री त्यांना एका छपराखाली, एका चुलीवर काढायचे होते.

मोरवणे गावाचा रिवाजच तसा. दर तीन वर्षांनी, मार्गशीर्षात, पावणाई देवीचा कौल होतो आणि सगळं गाव घरं सोडून शिवेबाहेर जातं. म्हातारे, तान्ही मुलं, गुरं, कोंबड्या, कुत्री, सगळी. मागे दिवा ठेवायचा नाही, चूल ठेवायची नाही, जीव ठेवायचा नाही. शिवेपलीकडे खाडीकाठच्या माळावर प्रत्येक घराण्याची जागा पूर्वापार ठरलेली. घरात कितीही वाटे पडलेले असोत, माळावर एका घराण्याची एकच राहुटी आणि एकच चूल. चौथ्या दिवशी देवीला विचारायचं. तिने हो म्हटलं तरच परत फिरायचं. याला गावपळण म्हणतात.

हा शब्द आमच्या कोशात घ्यायचा होता. आमचे संपादक गुर्जर मला म्हणाले होते, "अर्थ इथे बसून लिहिता येईल. मूळ काय ते घेऊन या. लोक पळाले, तर पहिल्यांदा कोणाला भिऊन पळाले?" आणि निघताना नेहमीची आठवण केली होती, की एकाने सांगितलेली गोष्ट म्हणजे नोंद नव्हे. एकमेकांशी संबंध नसलेल्या दोघांकडून तीच मिळाली, तर घ्यायची.

मला हे काम मनापासून आवडायचं. पुस्तकाशी बोलायला धीर लागत नाही. इथे मात्र माणसांना विचारायचं होतं, आणि माणसं प्रत्येक जण वेगळं सांगत होती. देवळातले घाडी म्हणाले, हे तीन दिवस गाव भुतांचं असतं, त्यांना राहायला जागा द्यावी लागते. शाळेतले गुरुजी म्हणाले, जुन्या काळी पटकीची साथ आली तेव्हा लोक बाहेर पडले आणि वाचले. एका खोताचं मत, संस्थानाचे शिपाई वसुलीला यायचे त्या दिवशी गाव रिकामं करायचे. पारावरच्या एका टारगटाने सांगितलं, "बायलांची तोंडा घरात मावानाशी झाली, म्हणान."

गावचे सगळ्यात मोठे मानकरी दाजी परब. वय सत्तरीच्या पुढचं, काटक, कानात भिकबाळी. त्यांनाही मी विचारलं.

"देवी म्हणता पळा, आमी पळतो," ते म्हणाले.

"पण कोणाला भिऊन, दाजी?"

"ता देवीन सांगूक नाय. तुमी हयच रवा तीन दिस. कांबळ्यांच्या राहुटयेत जागा आसा." मग म्हणाले, "थय एका बोलणाऱ्या माणसाची गरज आसा."

मी बोलणारा माणूस नव्हे, हे त्यांना सांगायचंही मला सुचलं नाही.

पहिला दिवस राहुटी बांधण्यातच गेला. संध्याकाळी जेवायला भात आणि सुक्या बांगड्याची चटणी. तातू राहुटीच्या एका तोंडाशी बसले, भिकू दुसऱ्या तोंडाशी, आणि दोघांची पाठ मधल्या बांबूकडे. माझं पान बांबूजवळ.

"मास्तरांनू, मीठ कमी आसा म्हणान सांगा," तातू म्हणाले.

"कोणाला?"

"रांधणाऱ्यांका."

"रांधणारी मी," सुभद्रावहिनी म्हणाल्या. "माझ्याशी तरी बोलतास मा? का माका पण मास्तर होयो?"

भिकूला ठसका लागला. तो हसत होता की जेवण अडकलं होतं, पाठीवरून कळेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी खाडीवर तांदूळ धुवायला निघाल्या तेव्हा मी त्यांच्या मागून गेलो. मला गावपळणीबद्दल विचारायचं होतं. त्यांनी मला भलतंच सांगितलं.

"आमची सासू सात वरसांआधी आषाढात गेली," पाण्यात रोवळी हलवत त्या म्हणाल्या. "भिकूभावजी मुंबयत. गिरणीत होते. तार केली. पावसात बोटी बंद. रस्त्यान येवचा तर नदये भरलेले. आमी रातभर वाट बघली. सकाळी वडीलधारे म्हणाले, आता थांबा नको, मयताचे हाल होतत. ह्यांनी अग्नी दिलो. आणि तिन्हीसांजेक भावजी दारात. चिखलान भरलेले. माका एकच शब्द इचारल्यानी, 'वाट बघूक नाय?'"

"मग?"

"मगे काय? हे गप. नुसते गप. 'लोक म्हणाले म्हणान दिलो,' इतक्या तरी बोलूचा! आये गेल्यापासून तेंच्या तोंडातसून त्या दिवसाचो शब्द बायर पडाक नाय. भावजींका वाटला, ह्यांका तेचा काय वाटाक नाय. महिन्यान मधी भिंत घातल्यानी."

रोवळीतलं पाणी निथळेपर्यंत त्या थांबल्या.

"मागच्या दोन पळणींका भावजी मुंबयतच रवले. ह्या खेपेक इले, आणि आता चलले. शालनीक घेवन मुंबयक. खोली मिळाली. पळण झाली काय दुसऱ्या दिवशी बोट. घराक कुलूप. ह्यांच्या छातीचा तुमी ऐकतासच. डागदर म्हणालो, पुढचो पावसाळो कठीण."

तातूंचा खोकला मी पहिल्या दिवसापासून ऐकत होतो. तो सुरू झाला की माळावरच्या शेजारच्या राहुट्यांमधली बोलणीही थांबायची.

"म्हणजे हे तीनच दिवस," मी म्हणालो.

"तीन कसले? एक गेलोच."

त्यानंतर मी कोणालाही भुतांबद्दल विचारलं नाही. विचारावंसंच वाटेना. मी त्या बांबूजवळ बसून राहायचो आणि इकडचं तिकडे पोचवायचो. तेका सांगा, बैलाच्या गळ्यातलो दोर कुजलो आसा. तेंका सांगा, दोर कालच बदललो. तेका सांगा, माळावर बिडी जपान ओढ, वारो आसा. तेंका सांगा, आपली छाती सांभाळा. दुपारपर्यंत माझ्या लक्षात आलं, की निरोप लांबत चालले आहेत. सकाळी चार शब्दांचे असायचे. आता त्यांत कोणाच्या तरी म्हशीची हकीकत यायची, कोणी तरी झाडावरून पडल्याची आठवण यायची. आणि मी निरोप पुरा करायच्या आतच उत्तर येत होतं. एकदा तर मी तोंडही उघडलं नव्हतं.

"मास्तर झोपले काय?" भिकूने पाठ न वळवता विचारलं.

"नाय, जागे आसत," तातू म्हणाले.

शालन आणि वहिनी एकमेकींकडे बघतच राहिल्या. दोघे भाऊ दचकून गप्प झाले आणि संध्याकाळपर्यंत गप्पच राहिले.

तिसऱ्या दिवशी दुपारी तातूंना मोठी उबळ आली. डोळे पांढरे व्हायची वेळ. वहिनी खाडीकडे गेल्या होत्या. मी नुसता उभा राहिलो, काय करावं ते मला कळेना. भिकू उठला. चुलीवरचं कोमट पाणी त्याने तांब्यात घेतलं, मला वळसा घालून पलीकडे गेला, आणि तांब्या भावाच्या हातात दिला. दुसऱ्या हाताने त्याची पाठ चोळत राहिला.

खोकला थांबला. तातू पाणी प्याले. मग जमिनीकडे बघत म्हणाले,

"त्या दिवशी पावस खूप होतो."

मला सांगितलेलं नव्हतं. "मास्तरांनू" नव्हतं.

भिकूचा हात पाठीवर तसाच थांबला. "म्हायत आसा," तो म्हणाला. "पावसातसूनच चलत इलंय."

"खयसून?"

"कणकवलेसून."

"इतक्या?" तातूंनी पहिल्यांदा मान वर केली. "माका कोणी सांगूक नाय."

"तुमी इचारलास खय?"

तातूंचे ओठ हलले. मी हळूच मागे सरकलो. वहिनी खाडीवरून परत येत होत्या. राहुटीच्या तोंडाशी त्या थबकल्या, आणि त्यांनी मला हाताने बाहेर बोलावलं. आम्ही दोघं झापांच्या आडोशाला उभे.

"भिकू," आतून आवाज आला. "तेव्हा माका..."

"ओ तातूनू!" पलीकडच्या राहुटीतून तिघेजण पत्ते घेऊन आले. "काय करतास? डाव मांडूया! भिकू पण आसा हय! अरे वा!"

आत तांब्या खाली ठेवल्याचा आवाज. भिकू बाहेर आला, आमच्याकडे न बघता गुरांकडे निघून गेला. तातू पत्ते खेळले नाहीत. तोंडावर पंचा घेऊन निजले.

वहिनींच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, ते रागाचं. "ह्या मेल्या गावाक पत्ते नेमके आत्ताच सुचले," त्या म्हणाल्या. मग मला दूर, गुरांच्या दावणीपाशी घेऊन गेल्या.

"मास्तरांनू, बघलात मा? गाठ सुटाक आली होती. आजून दोन दिस गावले तर सुटात. हय भिंत नाय, दार नाय. जाऊक जागाच नाय. घरात गेले काय गेले."

"पण उद्या कौल..."

"तुमी सांगा. पूर्वी पळण पाच दिसाची होती, असा पुस्तकात लिवलेला आसा म्हणान सांगा. तुमका शिकलेला बघून लोक ऐकतले."

"वहिनी, पण असं कुठे नोंदलेलं नाही."

"नाय तर नोंदवा मगे! तुमचा कामच ता."

हे ऐकून मला हसू यायला हवं होतं. मी त्यांना समजावत बसलो, की आमचं काम असलेलं नोंदवायचं, नसलेलं नाही. मी उद्या खोटं बोललो तर पन्नास वर्षांनी कोणीतरी तेच खरं म्हणून लिहील. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मी आणखी बोलू लागलो तेव्हा त्या म्हणाल्या, "बरा," आणि चुलीकडे गेल्या.

चौथ्या दिवशी सकाळी सगळं गाव शिवेवरच्या पावणाईच्या पाषाणापाशी जमलं. बोचकी बांधून झालेली. कोंबड्या डालग्यांखाली कोंडलेल्या. पोरं घरी जायला उतावीळ. आमच्या राहुटीची झापं मात्र अजून उतरवलेली नव्हती. दोन्ही भाऊ गर्दीत होते, चार माणसांच्या अंतराने.

पाषाणाला फुलांचे कळे लावून कौल घेतात. एक उजवीकडे, एक डावीकडे, पाण्याने चिकटवतात. उजवा आधी पडला तर देवीचं हो. डावा पडला तर नाही, मग राहायचं. गुरवाने कळे लावले. दाजी परबांनी हात जोडून गाऱ्हाणं घातलं. तीन दिस, तीन राती तुझा वचन पाळला, आता लेकरांका घरी जावंदे. लोकांनी "व्हय म्हाराजा" म्हटलं.

कळे पडेनात. कोणताच पडेना.

आम्ही वाट पाहिली. ऊन झाडाच्या शेंड्यावरून पाषाणावर उतरलं. दाजींनी पुन्हा गाऱ्हाणं घातलं. कळे तसेच. गर्दीत चुळबुळ सुरू झाली. कोणी म्हणालं, "असा कधी झालेला नाय." कोणी म्हणालं, "काय तरी चुकला असतला."

तेव्हा दाजी वळले आणि गर्दीतून त्यांनी मला शोधून काढलं.

"मास्तरांनू, पुढे येवा."

मी पुढे गेलो. इतकी माणसं माझ्याकडे बघत आहेत अशी वेळ माझ्यावर त्याआधी आली नव्हती. पुढेही आली नाही.

"तुमी मोठमोठी पुस्तका वाचलात," दाजी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "जुने कागद बघलात. आमच्या पळणीचे दिस किती? तीनच काय? का पूर्वी आजून काय होते?"

"तीन," मी म्हणालो.

"नीट आठवा." त्यांचा आवाज हलका झाला. "घाय नाय. पाच दिस असा खय वाचलात काय?"

गर्दीत मला सुभद्रावहिनी दिसल्या. त्यांनी पदर तोंडाशी धरला होता. त्यांच्या मागे भिकू. तो माझ्याकडे नाही, तातूंकडे बघत होता. तातू बघत होते शिवेपलीकडच्या घरांकडे.

मी खरोखर आठवून पाहिलं. मनातल्या मनात सगळी पुस्तकं चाळली. आसपासच्या दोन गावांत गावपळण होती, तिथलीही माहिती माझ्याजवळ होती. मला वाटलं, एवढा मोठा माणूस भर गावात मला विचारतो आहे, तर मी अचूक उत्तर दिलं पाहिजे.

"नाही, दाजी. सगळीकडे तीनच आहे. पाच कुठेही नाही."

दाजी माझ्याकडे बघत राहिले. "नाय?"

"नाही."

"बरा," ते म्हणाले. "तीन तर तीन."

ते पाषाणाकडे वळले. गुरव पुढे झाला, फुलांवर आलेली मुंगी झटकावी तसा त्याने हात हलवला, आणि थोड्याच वेळात उजवा कळा घसरला. "उजवो! उजवो!" पोरं ओरडत गावाकडे पळाली. कुत्री त्यांच्याही पुढे.

कांबळ्यांच्या घरी पोचलो तेव्हा दुपार झाली होती. दोन दारं, दोन कड्या. आधी एक वाजली, मग दुसरी. मी ओटीवर माझी पिशवी भरत होतो. भिंतीच्या अलीकडून खोकला ऐकू यायचा. पलीकडे शालन ट्रंका बांधत होती. खोकला सुरू झाला की ट्रंकांचा आवाज थांबायचा, थांबला की पुन्हा सुरू.

दुसऱ्या दिवशी पहाट फुटल्यावर बैलगाडी आली. भिकूने ट्रंका चढवल्या. कुलूप घातलं, ओढून पाहिलं. शालन वहिनींच्या गळ्यात पडून रडली. तातू अंगणाच्या दुसऱ्या टोकाला पाठ करून लाकडं फोडत होते. त्यांना ते झेपत नव्हतं.

"येतंय, वयनी," भिकू जरा मोठ्यानेच म्हणाला.

"ये," वहिनी म्हणाल्या आणि नवऱ्याच्या पाठीकडे बघत थांबल्या.

कुऱ्हाड एकदा लाकडावर पडली आणि तिथेच रुतून राहिली. तातूंनी ती काढली नाही. वळलेही नाहीत. गाडीवान म्हणाला, बोट चुकात. गाडी गेली.

मला दुपारची मोटार होती. दाजी परब मला पोचवायला फाट्यापर्यंत आले. माझी पिशवी त्यांनी माझ्या हातून घेतली, नको म्हटलं तरी. वडाखाली आम्ही बसलो. त्यांनी पानाची चंची सोडली. मग म्हणाले,

"मास्तरांनू, एक सांगतंय, राग मानू नका. देवीक सोडून माणसाक कौल इचारणारे आमी नव्हे."

मला कळलं नाही. "पण तुम्ही मला विचारलंत."

"व्हय. तुमका इचारलंय."

"कळे पडत नव्हते म्हणून..."

"कळे पडतले कसे? गुरवाक मी आदल्या रातीच सांगून ठेवलेलंय, जरा कांजी लावन चिकटव म्हणान." त्यांनी पानाचा देठ खुडला. "देवीक कळला असताच. ती काय म्हणाक नाय."

"मुद्दाम?" मी विचारलं.

"सुभद्रा माझ्याकडे पण इलेली," ते म्हणाले. "तिका म्हटलंय, मास्तर सांगतले. बाहेरचो माणूस आसा, पुस्तकातलो आसा. तेच्या नावार खपान जायत. अर्ध्या गावाक म्हायत होता. पत्ते खेळणारे ते तिघेसुद्धा, काल माका म्हणाले, आमी आता त्या राहुटयेकडे फिरकूचे नाय. सगळे तुमच्या तोंडाकडे बघत होते. तुमी पाच म्हटला असतात, तर एक माणूस काय बोलाक नसतो."

"पण दाजी, तुम्हीच का नाही सांगितलंत? तुमचं तर कोणीही ऐकलं असतं."

"माका तोंड नव्हता." मोटारीच्या रस्त्याकडे बघत ते म्हणाले, "त्या आषाढात तातू म्हणत होतो, आजून एक दिस थांबूया. थांबा नको म्हणणारो मीच. चितेकडे हाताक धरून मीच नेलंय तेका. तेणा माझा नाव कोणाक सांगूक नाय, भावाक पण नाय. सात वरसा. आता मी उठून 'थांबा' म्हटला असता, तर भिकून इचारल्यान असता, तेव्हा कित्याक नाय थांबलात? आणि माका गावात रवाचा आसा. तुमी जाणार होतात."

मोटार आली नव्हती. मी काही तरी विचारायचं म्हणून विचारलं, आणि तेव्हाही मला कामाचंच सुचलं.

"दाजी, गावपळण मुळात कशासाठी सुरू झाली असेल?"

"माझो आजो सांगी, एकदा गावाचे दोन वाटे झाले. इतके, की ह्यांच्या मयताक ते जाईनत, आणि तेंच्या मयताक हे. देवीन सगळ्यांका घराबायर काढल्यान. म्हणाली, भिंती नाय थय रवा आणि मगे माझ्याकडे येवा."

"हे तुम्ही मला आधी का नाही सांगितलंत?"

"तुमी कोणाक भिवन ता इचारीत होतात."

"हे आणखी कोणाला माहीत आहे? दुसरं कोणी सांगेल?"

दाजी हसले. "आजो सांगात. पण तो मेलो."

एकाच माणसाने सांगितलेलं. त्याने ते त्या क्षणी माझ्यासाठी रचलं असेल, असंही मला मोटारीत बसल्यावर वाटलं, आणि आजही नक्की सांगता येत नाही. मी ते संपादकांना दाखवलं नाही. कोशात छापलं गेलं ते असं: दर काही वर्षांनी देवीच्या कौलाने सर्व ग्रामस्थांनी गुराढोरांसह तीन दिवस, तीन रात्री गावाबाहेर राहण्याची चाल; मूळ अज्ञात. गुर्जर म्हणाले, नोंद नेटकी आहे.

पुढच्या गावपळणीला मी पुन्हा गेलो. कोणी पाठवलं नव्हतं. रजा काढून गेलो. मधल्या तीन वर्षांत मला त्या गावाचं एकही पत्र आलं नव्हतं, मीही लिहिलं नव्हतं. काय लिहायचं, ते ठरत नव्हतं.

कांबळ्यांच्या जागी राहुटी होती. दाजी परब मला वाटेतच भेटले, काठी टेकत. तातू गेल्या पळणीनंतरच्या पावसाळ्यातच गेले, म्हणाले. श्रावण लागायच्या आधी.

"ह्या खेपेक मी कोणाचा ऐकूक नाय," दाजी म्हणाले. "मयत एक रात ठेवलंय, दुसऱ्या दिसाची तिन्हीसांज होईसर ठेवलंय. लोक बडबडले, बडबडांदे. भिकू इलो."

"आला?"

"इलो. आमका म्हणालो, जरा बायर जावा. दार लावन घेतल्यान. आणि बोललो. किती वेळ बोललो! आमका बायर आवाज येय. मधीच हसलो पण. मधीच गप रवात, कोण तरी उत्तर देता तसो." दाजींनी काठी वाळूत रोवली. "मगे दार उघडल्यान आणि म्हणालो, चला."

राहुटीत सुभद्रावहिनी एकट्याच चूल पेटवत होत्या. शेजारच्यांनी त्यांना झापं बांधून दिली होती. त्या खूप वाळल्या होत्या. मला बघून त्यांनी पदर सारखा केला आणि बसायला पाट दिला, जणू मी कालच गेलो होतो.

"जेवतलास मा? पेज आसा. कुर्लीचा कालवण आसा."

मी हो म्हणालो. मला पुष्कळ काही सांगायचं होतं, पुण्यापासून वाटभर मी ते जुळवत आलो होतो. त्यांच्यासमोर बसलो आणि त्यातलं काही आठवेना. त्यांनीच विचारलं,

"तुमचा ता पुस्तक झाला काय?"

"झालं."

"आमची पळण लिवलात तेच्यात?"

"लिहिली."

"दिस किती लिवलात?"

"तीन," मी म्हणालो.

त्यांनी पळीने पेज ढवळली, माझ्या वाडग्यात वाढली, आणि वाडगा दोन्ही हातांनी माझ्यापुढे ठेवला.

"बरोबर आसा," त्या म्हणाल्या.